विहारनगरचा फुटपाथ

सुलभाबाई घराबाहेर पडल्या की विहारनगरातला फुटपाथ अंग चोरायचा. पूर्वी त्यावरून दोन माणसं गप्पा मारत शेजारी शेजारी जायची. मग तो एकाच माणसापुरता उरला, आणि श्रावण सरता सरता कंपाउंडच्या भिंतींना चिकटून विटेएवढा झाला. सुलभाबाई पाऊल तिरकं टाकायला शिकल्या. एका हातात डबा, दुसरा हात भिंतीवर.

डबा अक्काचा. अक्का त्यांची थोरली बहीण. डोळे पार गेलेले, आणि राहायची एकटी, कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला. एकदा तिच्या पदराने पेट घेतला होता. तेव्हापासून सुलभाबाईंनी तिला गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं. दुपारचं जेवण त्या स्वतः नेऊन वाढायच्या.

रिक्षा करून पाहिली होती. रिक्षा नाकासमोर गेली, कुठेही वळली नाही, आणि सुलभाबाईंच्याच फाटकाशी येऊन थांबली.

"मावशी, ते घर गाडीला लागत नाही," रिक्षावाला म्हणाला. "चालणाऱ्यालाच लागतं."

पण विहारनगरात चालणारं कुणी उरलंच नव्हतं. आधी बाकं जमिनीत गेली. मग झाडांनी फुटपाथवरची सावली काढून घेतली आणि उभ्या गाड्यांवर पांघरली. लोक दोन दिवस कुरकुरले, मग घरातच बसू लागले. बसून बसून त्यांना बाहेरच्या पावलांचा राग यायला लागला.

समोरच्या बंगल्यातले फडतरे एकदा फाटकाच्या आतूनच बोलले.

"वहिनी, कशाला त्रास देता?"

"कोणाला?"

"सगळ्यांना. तुम्ही चाललात की आमच्या भिंती दिवसभर थरथरतात. हिला झोप लागत नाही."

"अक्का उपाशी राहील हो."

फडतऱ्यांनी थोडा विचार केला. "एकट्याच आहेत ना त्या?" ते अगदी सभ्यपणे म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या वाटेवर नवे बंगले आले होते. रात्रीत उगवलेले, पण दोरीवर कपडे वाळत होते आणि कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. सुलभाबाई चालत राहिल्या. भात गार झाला. एका बंगल्यापुढे दुसरा होता, त्याच्यापुढे तिसरा, आणि प्रत्येकाची भिंत आधीच्या भिंतीपेक्षा रस्त्यावर जास्त ओणवलेली. समोरच्या बाजूच्या भिंतीही जवळ सरकल्या. गाड्यांचा रस्ता कधी संपला ते त्यांना कळलं नाही. आता नुसती फट होती आणि त्या फटीतून त्या आडव्या होऊन सरकत होत्या.

खिडक्यांतून माणसं बघत होती. एका बाईने हात बाहेर काढला. सुलभाबाईंना वाटलं, आधार देतेय. बाईने त्यांचा पदर मुठीत धरला आणि आत ओढून खिडकी लावून घेतली.

"अहो, सोडा!"

"घरी जा," आतून आवाज आला.

सुलभाबाईंनी दात आवळून हिसडा दिला. पदर टर्रकन फाटला. लाज वाटायलाही जागा नव्हती. त्या पुढे सरकल्या, आणि फटीच्या तोंडाशी त्यांना अक्काचा ओटा दिसला. अक्का पायरीवर बसली होती, मान कलती करून, वाट बघत.

"अक्का!"

भिंतींनी हाक शोषून घेतली. सुलभाबाईंनी छाती भरून श्वास घेतला, पुन्हा हाक मारायला. सोडला तेवढ्यात भिंती आणखी जवळ आल्या आणि पुढचा श्वास अर्धाच आत गेला. डबा हातातून निसटला, पण खाली पडला नाही. पोटाशीच अडकून राहिला.

आणि मग पलीकडून पावलं वाजली. उजवा पाय किंचित घासत टाकलेला, मधेच दम खायला थांबलेला. सुलभाबाईंचंच चालणं. रस्त्यावर कुणीही नव्हतं.

अक्काचा चेहरा उजळला. "आलीस का गं, सुलू? किती उशीर!"

पावलं ओट्याशी येऊन थांबली आणि वळून परत निघाली.

"कुठे नेतेस? थांब, येते मी." अक्का भिंतीला धरून उठली आणि चाचपडत पायरी उतरली.

तिच्या पायाखाली फुटपाथ पसरला. रुंद, गुळगुळीत, कुठे खाच नाही की खड्डा नाही. दोन्ही बाजूंनी बाकं वर आली. झाडांनी घाईघाईने सावली अंथरली. अक्काने हात पुढे केला होता, बोटं कुणाच्या तरी हातात असावीत तशी मिटलेली. कैक वर्षांत ती इतकी भरभर चालली नव्हती. सुलभाबाई उरलेल्या अर्ध्या श्वासात तिच्याकडे बघत होत्या, आणि रस्ता तिच्या पुढे पुढे, दिसेल तिथवर, लांबत चालला होता.