नाक मुरडणारी माल्सुक

बोंगनिमने मसाल्यात बोट बुडवलं, चाटलं आणि मान डोलावली.

"झालं!"

परातीभोवती बसलेल्या बायकांनीही माना डोलावल्या. बोंगनिम म्हणाली म्हणजे झालंच. पण बोंगनिमला मिरचीची आग तेवढी कळली होती. मीठ कमी की जास्त, जवळा पुरेसा खारवलेला की नाही, यातलं काहीही तिला सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात ताप आला, तो जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. परत येईल, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाला होता. शेतातला भात कापून झाला, मळ्यातला कोबी तयार झाला, जीभ काही परत आली नाही.

हे तिने घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. कोरियातल्या कांगजिन गावात, बाजारामागच्या गल्लीत तिचं किमचीचं, कोबी-मुळ्याच्या तिखट आंबवलेल्या लोणच्याचं, दुकान. जिच्या तोंडाला चव नाही तिच्या हातची किमची कोण घेणार?

आणि आज तर हिवाळ्याची किमची घालायचा दिवस. नोव्हेंबर संपत आलेला, गल्लीतल्या सगळ्या बायका हात लावायला आलेल्या. कोबीची तिला काळजी नव्हती. मिठात मुरलेलं पान तिने देठाशी दुमडून बघितलं होतं, ते मोडलं नाही, वाकलं. हात अजून शाबूत होते. घोर होता तो मसाल्याचा. एकदा तो पानापानांत भरून बरण्या बंद झाल्या की अर्धं गाव मार्चपर्यंत तेच खाणार होतं.

इतके दिवस निभावलं ते माल्सुकच्या कृपेने, हे मनातल्या मनात कबूल करतानाही बोंगनिमच्या जिवावर येत असे. समोरच्या तिळाच्या घाण्यावरची माल्सुक रोज सकाळी वाटी घेऊन हजर. एक घास खायची आणि नाक मुरडायची. "आज अळणी झालीय गं." "आज लसूण काय सुपाने ओतलास?" बोंगनिम तिला चार शब्द सुनवायची आणि तिची पाठ वळताच गुपचूप मीठ नाहीतर मुळा वाढवायची. मात्र गेल्या आठवड्यात माल्सुकने भर गिऱ्हाइकांसमोर मुळ्याच्या किमचीला नावं ठेवली, आणि बोंगनिमचा तोल गेला.

"तुला चव कळते तरी का? पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस!"

तेव्हापासून माल्सुक फिरकली नव्हती. आजही नाही.

मसाला कालवणारीने पानात घास गुंडाळून प्रत्येकीच्या तोंडात भरवायचा, ही रीतच. बोंगनिमने भरवला आणि एकेकीचा चेहरा निरखून बघितला.

"वा! काय झालीय!"

"बोंगनिमताई, तुमच्या हाताला तोड नाही बाई!"

आत डुकराचं मांस उकडत होतं, त्याचा वास म्हणे गल्लीभर सुटला होता. असं जेवण समोर असताना खोड काढणार कोण? बोंगनिमला रडू यायचं बाकी राहिलं. तिने कोवळं पान घेतलं, त्यात मसाला भरला, वर एक कालव ठेवलं आणि हातातले लाल रबरी मोजे न काढताच गल्ली ओलांडली.

माल्सुक तीळ भाजत होती. तिने वर बघितलं नाही.

"आ कर," बोंगनिम म्हणाली.

"मला कुठे चव कळते?"

"कर म्हणते ना! आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या पाया पडायची वेळ आलीय, भाव खाऊ नकोस."

माल्सुकने घास घेतला. अगदी सावकाश चावला. बोंगनिमचा जीव टांगणीला लागला.

"जवळा कमी आहे," माल्सुक म्हणाली. "आत्ता जरा खारट लागायला हवी. मुळ्याला पाणी सुटलं की ही पार अळणी होईल. दोन मुठी टाक." मग तिने तिळाखालची आच मंद केली. "आणि जीभ अजून आली नाही वाटतं?"

बोंगनिमने आधी मागे वळून बघितलं, गल्लीत कुणी ऐकलं तर नाही ना.

"तुला... कधी कळलं?"

"अगं, तीस वर्षं बघतेय. बोट चाटलंस की आधी तोंड वाकडं करतेस, मग काहीतरी टाकतेस, पुन्हा चाटतेस, पुन्हा वाकडं. तापातून उठलीस आणि पहिल्याच बोटाला 'झालं'! पहिल्याच बोटाला कुणाचं होतं गं? तुझ्या सासूचंसुद्धा झालं नव्हतं कधी."

"म्हणून रोज वाटी घेऊन यायचीस?"

"मग काय, माझ्या घरी किमची नाही?"

बोंगनिम तिळाच्या पोत्यावर मटकन बसली. इतक्या महिन्यांचं ओझं एकदम उतरलं आणि तिला मोकळं, हलकं वाटलं. तिने डोळे पुसायला हात वर केला.

"मोजे! मिरची आहे मोज्यांना!" माल्सुक ओरडली. "जीभ गेलीच आहे, आता डोळे पण घालव. चल उठ."

दोघी परातीशी आल्या. माल्सुकने बाह्या सरसावल्या, दोन मुठी जवळा टाकून मसाला कालवला, चाखला, आणखी चिमूटभर टाकला. मग पानात घास गुंडाळून तो बोंगनिमच्या तोंडासमोर धरला.

"मला काय कळणार?" बोंगनिम पुटपुटली.

"तू खा नुसती. कळायचं काम माझ्याकडे."

बोंगनिमने चावलं. आग लागली, कालव घशाखाली गेलं, बाकी काही नाही. पण उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच तो घास तिला गोड लागला.

"कशी आहे?" तिने हळूच विचारलं.

माल्सुकने नाक मुरडलं. "बरी आहे. खाता येईल."

"झालं गं!" बोंगनिम सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "भरा पानं!" आणि या वेळी खरंच झालं होतं.