धाकटीची भूक

घराच्या पुढच्या खोलीतली दोन्ही शिलाई मशीन थांबली आणि बहिणी जेवायला समोरासमोर बसल्या. थोरलीचं लक्ष आपल्या ताटात नव्हतं. धाकटीने तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

"पोट आहे की पोतं?" थोरली म्हणाली.

धाकटी हसली. थोरली हसली नाही.

त्यांची आई पोटाच्या कॅन्सरने गेली, मावशीही. पण घरात लग्नाच्या मुली, म्हणून सगळ्यांनी 'अल्सर' म्हणायचं असं ठरलेलं. यंदा डॉक्टरांनी दोघींचं रक्त तपासलं. आईकडून आलेला जनुकातला घातक बदल थोरलीत सापडला, धाकटीत नाही. "हा आजार आतल्या आत पसरतो, पोटात सोडलेल्या कॅमेऱ्यालाही चुकवतो. जठर काढून टाका, थांबू नका," डॉक्टर म्हणाले.

नेमकं थोरलीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. बहिणींच्या मामांनी बजावलं, "लग्न होईपर्यंत ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. असल्या रक्ताची मुलगी कोण करून घेईल?"

"ताई, नको गं ऐकूस त्यांचं," धाकटी आताही म्हणाली.

"तुला बोलायला काय जातं? सुटलीस तू. तुझ्या मुलीही सुटल्या."

एकाच आईच्या लेकी. मग हिलाच का वगळलंस, असं थोरली रोज हात जोडून देवाला विचारी, आणि स्वतःचीच लाज वाटून डोळे मिटून घेई.

संध्याकाळी पाहुणे आले. मुलाच्या आईने सहज विचारलं, "मुलीची आजी कशाने गेली?"

"अल्सर," मामा म्हणाले.

सवयीने थोरलीची नजर धाकटीच्या बशीकडे गेली. बशी भरलेलीच होती. धाकटी एकटक भाचीकडे पाहत होती. थोरलीनेही लेकीकडे पाहिलं. इतके दिवस बहिणीचे घास मोजले, लेकीचं रक्त मात्र तपासलंच नाही. खोटं बोलून दिल्या घरी ती कोणत्या तोंडाने तपासून घेईल?

थोरली म्हणाली, "अल्सर नव्हता, कॅन्सर होता. आईच्या जनुकातला तो बदल माझ्यातही आहे. मुलीत असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी-निम्मी."

"पोरीच्या नशिबावर निखारा ठेवलास!" मामा ओरडले.

पाहुणे उठले. मुलाची आई चपला घालता घालता मागे वळली.

"ही तपासणी कुठे करतात हो?" ती हळूच म्हणाली. "माझी बहीणही अल्सरनेच गेली."

दार लावून थोरलीने ती भरली बशी धाकटीपुढे सरकवली.

"खा बाई. उद्या आम्हा मायलेकींना दवाखान्यात तूच न्यायचंस. आणि मला हेवा करायला काहीतरी राहू दे."