चष्मा मोडला त्या सकाळी

डाव्या काडीचा स्क्रू पुन्हा ढिला झालाय... नखाने तो पिळत तो खिडकीपाशी उभा राहिला, आणि चष्मा हातात असल्यामुळे समोरची इमारत, तिच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे सगळं एकमेकांत विरघळून गेलं. चष्म्याशिवाय त्याला स्वतःची बोटंही नीट दिसत नसत. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळीही असंच झालं होतं — तो पलंगाच्या कडेवर बसला आणि मांडीखाली कट्‌ असा आवाज झाला. एवढासा आवाज, पण हे घर, ही खिडकी, सगळं त्यातूनच आलं होतं.

"संध्याकाळी ताई आणि भाऊजी येतायत, लक्षात आहे ना?" बायको आतून म्हणाली.

लक्षात होतं. आठवडाभर दुसरं काही लक्षात राहतच नव्हतं. भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शीतगृहातल्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि हाती आलेली सगळी रक्कम शेअर बाजारात घालायची म्हणत होते. तू म्हणशील तिथे, असं फोनवर म्हणाले होते. ताईचे गुडघे गेले होते. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाजीला खाली उतरलेली ताई पुन्हा चढायच्या धास्तीनेच पहिल्या पायरीवर बसून राही. तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच त्या दोघांचं मागणं. पैसे थोडे कमी पडत होते, आणि ते वाढवून द्यायला घरातच एक हुशार माणूस होता.

हुशार माणूस, म्हणजे मी.

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत त्याने सकाळचे नमुने ओळीने मांडले. इथे त्याला बरं वाटायचं. नळीत थेंब टाकले की पाणी रंग धरतं, आणि जो रंग दिसतो तोच कागदावर लिहायचा. त्यात आपला धीर, आपली दूरदृष्टी असलं काही लागत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "काय शेठ, आज काय घेऊ?"

"पाणी घ्या. उकळून."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, शेठ आतली गोष्ट फोडत नाहीत. गेल्या नऊ वर्षांत या शेठने स्वतःच्या अकलेने जे जे घेतलं ते ते बुडालं होतं, फारसं नाही, पण नेमाने बुडालं होतं. ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तरला होता तो एकच शेअर, त्या औषधांच्या कंपनीचा. आणि तो तर त्याने विकायलाच काढला होता...

चष्मा मोडला त्याच्या आदल्या संध्याकाळी बातमी आली होती, कंपनीची औषधं परत मागवणार म्हणून. भाव पडत होता. त्याच्याकडे होते तेवढे सगळे पैसे तिथेच गुंतले होते, आणि त्याच्याच सांगण्यावरून भाऊजींचेही. सकाळी उठल्या उठल्या त्याने फोन लावला — भाऊजी, काढून टाका, सगळे काढून टाका, मीही आत्ता काढतोय — आणि फोन ठेवून कॉम्प्युटरकडे जाण्याआधी बूट घालायला म्हणून पलंगावर बसला. कट्‌. बायको माहेरी गेलेली. पडद्याला नाक लावून, डोळे बारीक करून त्याने पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर खातंच बंद पडलं. नवा चष्मा येईपर्यंत, अर्ज-विनंत्या करून खातं उघडेपर्यंत औषधं निर्दोष ठरली होती, कंपनीच विकत घ्यायला कुणी मोठं गिऱ्हाईक पुढे आलं होतं आणि भाव चढायला लागला होता. मग तो चढतच राहिला.

भाऊजींनी मात्र त्या सकाळी बाजार उघडताच निमूट सगळे विकले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी, हसत हसत — भाऊजी, काय फजिती झाली माहितीये का! पण पहिल्या दिवशी लाज वाटली, की माणसाला विकायला लावलं आणि आपलेच राहिले. आठवड्याने भाव वाढला तेव्हा लाजेत आनंद मिसळला, आणि तो आनंद घेऊन ताईच्या दारात जाववेना. पुढे तर त्याने घर घेतलं. नव्या घरी जेवायला बसल्यावर कुणीतरी विचारलं, सगळे विकत होते तेव्हा तू थांबलास कसा रे? भाऊजी समोरच बसले होते. चष्म्याची गोष्ट अगदी जिभेवर आली होती. तो म्हणाला, "धीर लागतो."

बायकोने वाढता वाढता त्याच्याकडे पाहिलं होतं. ती पूर्वी एकांतात गमतीने म्हणायची, चष्मा मोडला म्हणून वाचलो हो आपण! त्या दिवसानंतर ती कधी म्हणाली नाही.

आज सांगायचं. घरी परतताना त्याने वाक्यंसुद्धा जुळवली. पैसे बँकेत ठेवा, भाऊजी. थोडे कमी पडतायत ते मी घालतो. मला यातलं काही कळत नाही, कधीच कळलं नव्हतं.

ताई आली ती धापा टाकतच. इथे लिफ्ट होती, पण लिफ्टच्या दारापर्यंतच चार पायऱ्या होत्या. चहा झाला आणि त्याने घसा खाकरून सांगून टाकलं, "भाऊजी, ते सगळं नशीब होतं. माझं त्यात काही नव्हतं. पैसे बँकेत ठेवा, कमी पडतील ते मी देतो."

"ऐका!" ताई हसली. "लहानपणापासून असाच आहे हा. पहिला नंबर आला तरी म्हणायचा, पेपर सोपा होता. आणि तुझे पैसे आम्ही नाही घेणार हं, सांगून ठेवते."

भाऊजीही हसले. खरं बोललो आणि वर विनयाचं बक्षीस मिळालं, तो मनाशी चरफडला. बायको ताईला आतलं नवं कपाट दाखवायला घेऊन गेली. दोघेच उरले.

"तुझा फोन आला होता त्या सकाळी," भाऊजी कपाकडे बघत म्हणाले. "मीही काढतोय म्हणालास."

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"मग तुझा विचार बदलला. होतं असं. मला कळवायचं राहिलं असेल. तुझ्या ताईला मी तो फोन कधी सांगितला नाही. ती तुला बोलली असती. मीच घाबरून विकले, असं सांगितलं."

नऊ वर्षं... तिसऱ्या मजल्याची प्रत्येक पायरी चढताना ताईने यांना भित्रा म्हटलं असेल, आणि यांनी ऐकून घेतलं असेल.

"भाऊजी, तसं नाही. विचार नव्हता बदलला. माझा चष्मा मोडला होता."

बोलताक्षणी त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराचा आवाज. त्याच सकाळी हे वाक्य खरं होतं. इतकी वर्षं पेटीत ठेवून आज बाहेर काढलं तर ते कुजून थापेसारखं दिसत होतं.

"असेल," भाऊजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "म्हणूनच म्हटलं, या खेपेला फोनवर नको. तुझ्या शेजारी बसतो. तू स्वतः जे घेशील तेच माझ्यासाठी घे, माझ्यासमोर."

त्याला कॉम्प्युटरसमोर बसवून त्यांनी आपली खुर्ची शेजारी सरकवली आणि खिशातून स्वतःचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

फसवलं असतं तर पाय धरून माफी मागता आली असती, आणि भाऊजींनी ती दिलीही असती, त्यांनी तर ती केव्हाच देऊन टाकली होती — मी न केलेल्या गोष्टीची. जे केलं त्याची कशी मागायची? एक कट्‌ आवाज, आणि नंतर नऊ वर्षांचं गप्प बसणं... आतून ताईचं हसणं ऐकू आलं. आता उठून तिला सांगावं, भित्रे हे नव्हते. पण उठायचं तर भाऊजींच्या गुडघ्यावरून जावं लागणार होतं, इतके ते जवळ बसले होते.

"उघड," भाऊजी म्हणाले.

त्याने पडद्याकडे पाहिलं. आज प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होतं.