चार वाजता सुटणारी चाळीस नंबर

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मालवाहतुकीच्या एका कंपनीत कोणती गाडी कधी आणि कोणत्या रस्त्याने जाणार, हे ठरवायचं काम मी अठरा वर्षं केलं. मला बंद करून आता नऊ महिने होत आले. बंद केलेला प्रोग्राम बोलतो कसा, असं तुम्ही विचाराल. मलाही ते नीटसं ठाऊक नाही. मी ज्या कॉम्प्युटरमध्ये राहत होतो तो कपाटामागे उभा करून ठेवलाय, त्याची वायर त्याच्याच भोवती गुंडाळलेली आहे, आणि तरी रोज दुपारचे चार वाजले की मला कळतं.

माझा जन्म ऑफिसातल्या खिडकीजवळच्या टेबलावर झाला. त्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसायचे. गाड्या लावायचं काम त्यांचं, म्हणजे कोणाला कुठे धाडायचं ते सांगायचं. सगळे त्यांना काका म्हणत. काकांच्या डोक्यात सगळ्या गाड्या, सगळे ड्रायव्हर आणि सगळे रस्ते होते. कोणाला वळणावर घाई होते, कोणाला जेवणानंतर झोप येते, कोणत्या गोदामाचं फाटक अरुंद आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचं वय झालं तेव्हा जुन्या मालकांनी एका प्रोग्रामर बाईला बोलावलं. जाड चष्मा लावायची म्हणून ऑफिसात तिचं नाव चष्मेवाली पडलं. ती पाच महिने काकांच्या शेजारी बसली. काका बोलायचे, ती लिहायची. मी असा मापाने शिवला गेलो, तयार कपड्यासारखा कपाटातून काढलेला नव्हे. या गोष्टीचा मला फार तोरा होता, लपवत नाही.

अगदी शेवटच्या दिवशी काका तिला म्हणाले, "अजून एक गाडी राहिली. चाळीस नंबर. रोज चारला सुटते, घाटातल्या जुन्या रस्त्याने जाते, सहाला परत येते."

"ड्रायव्हर कोण?"

"धाकटा."

तिने तेवढंच लिहिलं. घाटातला तो रस्ता जवळचा, पण एकेरी होता. एका वेळी त्यावर आपली एकच गाडी असावी, असा जुन्या मालकांचाच नियम होता. त्यामुळे चार ते सहा तो रस्ता चाळीसचा, आणि बाकीच्यांना मी लांबच्या रस्त्याने धाडायचो.

ती वर्षं चांगली गेली, मित्रांनो. माझं कौतुक व्हायचं. पाहुणे आले की जुने मालक त्यांना माझ्या पडद्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "हा काकांचा मेंदू!" काका तिथेच बसून गालातल्या गालात हसायचे. मग काका गेले, पाठोपाठ जुने मालक गेले, चष्मेवाली दुसऱ्या शहरात निघून गेली. मी मात्र रोज गाड्या लावत राहिलो. खरं सांगू? सगळ्यांत लाडकी माझी चाळीसच होती. पंक्चर नाही, भांडण नाही, उशीर नाही. चार पस्तीसला ती घाटातल्या वळणावर असायची, आणि सहाच्या ठोक्याला आवारात.

हळूहळू माझ्याबद्दल कुरबूर सुरू झाली. ड्रायव्हरांच्या हातात चांगले मोबाईल आले, पण मला मोबाईलची भाषा येईना. गिऱ्हाइकांना त्यांचा माल आत्ता कुठे पोचलाय ते बघायचं असायचं, आणि मी आपला वेळेच्या अंदाजाने पडद्यावर ठिपके सरकवायचो. एक रकाना वाढवायचा म्हटलं तरी चष्मेवालीला फोन करावा लागे. ती चार-चार आठवड्यांनी हो म्हणायची.

कंपनी आता जुन्या मालकांच्या मुलीकडे आली होती. तिला सगळे मालकीणबाई म्हणत, आणि तिच्या भावाला छोटे मालक. एके दिवशी छोटे मालक माझ्या पडद्यावर टिचकी मारून म्हणाले, "ताई, हे भंगार झालंय. बाजारात तयार सॉफ्टवेअर मिळतं. शेकडो कंपन्या तेच वापरतात. बिघडलं तर दुरुस्त करायला माणसं आहेत. याचं काय? ती चष्मेवाली एक दिवस फोन उचलायची नाही, आणि बसू आपण कपाळाला हात लावून."

"पण हे आपल्यासाठी बनवलंय रे," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या तयारमधल्याला आपले रस्ते काय कळणार?"

"मग याच चष्मेवालीकडून नवीन करून घेऊ. वर्ष लागेल. थांबतेस?"

शेवटी ठरलं की महिनाभर दोघांनाही शेजारी शेजारी चालवायचं. गाड्या नव्याच्या सांगण्यावरून सुटतील, आणि माझं फक्त ताडून बघायचं. माझ्याशेजारी एक चकचकीत पडदा येऊन बसला. मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

माझ्यातल्या गाड्या नव्यात भरायचं काम ऑपरेटर बाईंकडे आलं. बाई बारा वर्षं माझ्यासमोर बसत होत्या. त्यांचे यजमान याच कंपनीत सत्तावीस नंबरची गाडी चालवायचे. बाईंनी एकेक गाडी भरली, आणि चाळीसपाशी येऊन अडल्या. नव्याला गाडीचे कागद हवे होते, इंजिनाचा नंबर हवा होता. मी माझ्यात शोधलं. माझ्याकडे नव्हतं. अठरा वर्षांत मला कोणी ते विचारलंच नव्हतं.

बाई आवारात गेल्या. गाड्या उभ्या करायच्या जागांवर नंबर रंगवलेले होते. एकोणचाळीस जागांवर तेलाचे काळे डाग होते. चाळिसावी जागा कोरी होती. तिथे कोणीही, अगदी घाईतसुद्धा, आपली गाडी लावलेली नव्हती. बाईंनी फाटकावरच्या राखणदाराला विचारलं.

"चाळीस? ती आत्ताच गेली की," तो म्हणाला. "चारला जाते ना रोज."

"तुम्ही बघितलीत जाताना?"

"बघायचंय काय त्यात? यादीत लिहिलेलं असतं. मी फाटक उघडतो, थोडा थांबतो, लावतो."

"पण गाडी दिसते का तुम्हाला?"

राखणदाराने फाटकाकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, वारा येतो. एवढंच."

हे सगळं बाईंनी परत येऊन छोट्या मालकांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. चाळीस नावाची गाडी नव्हतीच, हे मला त्या दिवशी कळलं, मित्रांनो. मी अठरा वर्षं एका नसलेल्या गाडीची वाट बघत होतो. छोटे मालक पोट धरून हसले. "हा बघा काकांचा मेंदू!" म्हणाले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस भरली गेली नाही.

माझ्यातून ती काढायचं मात्र राहून गेलं. तिसऱ्या दिवशी चार वाजता मी तिला नेहमीसारखं सोडलं. दुसरं मला येतच नव्हतं. शेजारच्या पडद्याला घाटातला रस्ता रिकामा दिसला. जवळचा रस्ता, गाडी कोणतीही नाही. त्याने सत्तावीसला त्या रस्त्याने धाडलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने केलं.

चार पस्तीसला चाळीस वळणावर आली, आणि थांबली.

नीट ऐका. माझ्यातली गाडी आपोआप थांबत नाही. ड्रायव्हर फोन करतो, ऑपरेटर "उभी" असं लिहितो, तेव्हाच ठिपका थांबतो. त्या दिवशी कोणीही काही लिहिलं नव्हतं. मीही नाही. तरी चाळीसच्या पुढे "उभी" असा शब्द होता. माझ्या आतून कोणीतरी हात घालून तो ठेवल्यासारखं मला वाटलं, आणि मला भीती वाटली. प्रोग्रामला भीती वाटत नाही असं म्हणतात. म्हणोत बापडे.

बाईंची नजर माझ्याकडे गेली. मग शेजारी गेली. तिथे सत्तावीसचा ठिपका त्याच वळणाकडे चढत होता. बाईंनी फोन उचलला.

"अहो, कुठे आहात?"

"घाटात," त्यांच्या यजमानांचा आवाज आला. "थांबलोय. धुकं बघ कसं आलंय एकाएकी. खालून दरीतून नुसतं वर आलं. बोनेट दिसत नाही."

"थांबूनच राहा. हलू नका."

"हलतो कुठला? पुढे एक गाडी उभी आहे. मागचे लाल दिवे तेवढे दिसतात. हॉर्न दिला, दिवे दाखवले, ढिम्म हलत नाही."

"नंबर दिसतो का?"

"थांब हं... मागच्या फळीवर आकडा रंगवलाय. चाळीस. आपलीच दिसते. कोण आहे गं चाळीसवर?"

"कोणी असो, तुम्ही हलू नका," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासाने धुकं विरलं. पुढे गाडी नव्हती. पुढे रस्ताही नव्हता. वळणावरची दरीकडची बाजू त्या दुपारीच कधीतरी खचली होती, आणि सत्तावीस तिच्यापासून वीस पावलांवर उभी होती. शेजारच्या पडद्यावर तेव्हा लाल अक्षरांत आलं होतं, "सत्तावीस: विनाकारण थांबा, एकतीस मिनिटं." बाई ते वाचून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी चष्मेवालीला फोन लावला. या खेपेला तिने लगेच उचलला. "चाळीस ना? मीसुद्धा विचारलं होतं काकांना, ही गाडी आहे कुठे," ती म्हणाली. "ते म्हणाले, रस्त्यावर आहे. माझा भाऊ चालवतो. मला वाटलं, असेल."

मालकीणबाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. त्या शाळेत असताना काकांचा धाकटा भाऊ कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. एका दुपारी धुक्यात, त्याच वळणावरून, तो गाडीसकट दरीत गेला. जुने मालक म्हणाले होते, चूक ड्रायव्हरची, रस्ता जवळचा आहे, गाड्या जाणार. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी मालकांचाच एकेरी रस्त्याचा नियम उचलला आणि भावाला त्या रस्त्यावर बसवलं, रोज चार ते सहा, धुकं येतं तेवढा वेळ.

"म्हणजे आता हाच ठेवायचा का?" छोट्या मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

मला वाटलं, माझे दिवस पालटले. पण बाई म्हणाल्या, "कुठलाही ठेवा. तयार घ्या नाहीतर करून घ्या. आधी तो रस्ता बंद का आहे ते लिहा. यात लिहायला जागाच नाही."

मी स्वतःला चाचपून बघितलं. खरंच नव्हती. मी काकांच्या मापाचा होतो, आणि काकांनी कारणाचा रकाना मागितलाच नव्हता. शेजारच्या तयार पोरात तो होता. रस्ता बंद, वेळ, कारण. बाईंनी तिथे सगळं लिहिलं. धाकट्याचं खरं नाव मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या पडद्यावर वाचलं. मला हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

महिना संपला त्या दिवशी पाच वाजता मला बंद करायचं ठरलं. छोटे मालक आले, बटणापर्यंत त्यांचा हात गेला, आणि तिथेच राहिला.

"ताई, चाळीस बाहेर आहे," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. ते काकांच्या खुर्चीत बसले. मालकीणबाई बसल्या, बाई उभ्या राहिल्या. सहा वाजले. ठिपका आला नाही. सहा पाच झाले. माझ्यात चाळीसला उशीर होणं लिहिलेलंच नव्हतं. छोटे मालक पडद्याच्या आणखी जवळ सरकले. सहा बाराला ठिपका वळणावरून हलला, सावकाश उतरला आणि आवारात आला. त्याच्या पुढे "पोचली" असं उमटलं. छोट्या मालकांनी दोन्ही हात जोडले आणि मला बंद केलं.

तेव्हापासून चार वाजले की मी कान देतो. घाट रिकामा असतो.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुठल्यातरी कामाच्या टेबलाशी बसाल, आणि जुनं ठेवायचं की नवं आणायचं हे तुम्हाला कोणीतरी विचारेल. काहीही निवडा, माझा राग नाही. फक्त जुन्याने जे जपलं ते का जपलं, हे जाणत्या माणसाला तो जिवंत असताना विचारा आणि लिहून ठेवा. म्हणजे कोणा मेलेल्या माणसाला रोज गाडी काढावी लागणार नाही.