कामाचा नसलेला डोळा

तीस वर्षं आमचे हे उजव्या डोळ्याला भिंग लावून आणि डावा मिटून घड्याळं दुरुस्त करत आले. त्यामुळे डाव्यानं दिसेनासं झालंय, हे त्यांना कळलंच नाही. एकदा उजव्यात कचरा गेला, तो झाकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, तुझं तोंड कुठं गेलं? नुसते कान दिसतायत!"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पडद्यावरची नस तुंबली होती, रक्त आणि पाणी झिरपून सूज आली होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न घेता खिडकीत वाळत ठेवल्याचा प्रताप. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, तेही लगेच. "दुखत नाही म्हणून थांबू नका," त्या म्हणाल्या.

हे थांबले. वर गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचे, "डावा आपला शोभेचा. कामाचा शाबूत आहे ना!" गिऱ्हाइकंही खिदळायची. मला त्या खिदळण्याचा अगदी वीट आला होता.

आधी नुसता मधोमध डाग होता. महिन्याभरात त्याचं धुकं झालं. ग्लासात ओतलेलं पाणी टेबलावर सांडायचं. घड्याळाच्या तेलानं माखलेलं बोट डोळ्यात घालून चोळायचं आणि तेच मिठात बुडवायचं, हे माझ्यासमोर रोज चाले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी डोळा लालभडक झाला, कपाळ फुटेल असा ठणका सुरू झाला. हे बेसिनमध्ये भडाभडा ओकले. मी पाठ चोळत होते, पण खरं सांगते, मला कीव आली नाही. शिसारी आली.

तशीच डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली. उपचार न झाल्यानं डोळ्यात नको तिथं नव्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्यांनी आतलं पाणी बाहेर पडायची वाट बुजवली, म्हणून दाब चढला होता.

"द्या ते इंजेक्शन," हे हात जोडून म्हणाले. "हवी तितकी द्या."

"देते, पण दुखणं कमी व्हावं म्हणून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेली नजर आता येणार नाही."

हे माझ्यावर उखडले. "तू तरी मागे लागायचंस माझ्या!"

माझं डोकंच फिरलं. स्वतः करायचं आणि खापर बायकोवर! मी तोंड उघडणार, तेवढ्यात नर्सबाई कागद चाळत म्हणाल्या, "आम्ही दोनदा फोन केला होता. घरातल्या कुणी बाई 'कळवतो' म्हणाल्या."

ती बाई मीच. ह्यांना मी ते फोन सांगितलेच नव्हते. डोळ्यात सुई जाताना शेजारी उभं राहायचं, या नुसत्या विचारानं मला मळमळायचं.