कोंबड्यांचा वाटा

त्या मंगळवारी सकाळी लारास स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात वर करून उभी होती. पोट बांधायचा पट्टा वीतभर रुंद आणि आठ-नऊ मीटर लांब होता. तो एकटीला बांधता येत नाही. एकीनं टोक ताणून धरायचं आणि दुसरीनं स्वतःभोवती फिरत फिरत त्यात गुंडाळून घ्यायचं. टोक आईच्या, सुतिनाहच्या हातात होतं.

"पोट आत ओढू नकोस."

"ओढत नाहीये."

"ओढतेयस. पट्ट्याशी खोटं बोलून चालत नाही पोरी, दुपारी तो सैल पडतो आणि सांगून टाकतो."

लारास फिरली. एक वेढा, दुसरा, तिसरा. तिच्या तान्ह्या रंतीला नऊ आठवडे झाले होते. चाळीस दिवसांनी पट्टा सोडणाऱ्या बायका पुष्कळ, पण लारासला अजून तीन आठवड्यांनी शाळेत रुजू व्हायचं होतं आणि शिक्षिकेच्या गणवेशाचा तपकिरी स्कर्ट मांड्यांच्या वर चढत नव्हता.

"घट्ट धर ना."

"घट्टच आहे. तुला काय श्वास बंद करायचाय?" शेवटच्या वेढ्याला लारास आईच्या अगदी जवळ येऊन पोचली. सुतिनाहनं टोक आत खोचलं आणि पोटावर थाप मारली. "झालं. नर्सबाई काय म्हणाली? महिन्याला दीड-दोन किलो. पोटभर खाऊन आणि चालून. नऊ महिने चढत होतीस, उतरायला घाई कसली?"

सुतिनाह काढे विकायची. हळद-चिंचेचा, तांदूळ-आल्याचा, कडू पाल्याचा. पहाटे उठून वाटायचं, बाटल्या भरायच्या, टोपलीत रचायच्या आणि टोपली पाठीशी बांधून आठ वाजता फेरीला निघायचं. ही तिची तीस वर्षं. त्यातून लारासचं कॉलेज झालं होतं. निघण्याआधी ती लारासपुढे एक पेला ठेवायची आणि तो रिकामा होईपर्यंत हलायची नाही. हल्ली तो काढा दाट आणि पिवळट असे. लारास नाक दाबून पिऊन टाकायची. काढ्यानं वजन वाढत नाही, असा तिचा समज होता.

ताटाचं मात्र वेगळं होतं. भात, सोयाबीनचा तळलेला तेंपे, दूध यावं म्हणून कातुकच्या पाल्याचा रस्सा.

"भूक लागली का गं?"

"नाही."

"नाही कशी? अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक लागत नाही, हे आजच ऐकलं."

"ठेव. खाते मी नंतर."

सुतिनाहनं ताट झाकलं. मग परसदाराकडे बघत ती म्हणाली, "आपल्या कोंबड्या बघ. जणू त्याच बाळंत झाल्यात."

लारास पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "दाणा जास्त टाकत असशील."

"असेल," सुतिनाह म्हणाली.

तिनं टोपली पाठीला घेतली आणि छातीवर कापडाची गाठ मारली. "चल ना आज माझ्याबरोबर. रंतीला झोळीत बांध. देवळाच्या वळणापर्यंत जाऊन परत. चालणंही होईल."

लारासला डोळ्यांपुढे तो रस्ता दिसला, आणि त्यावर उभे असलेले वर्गातल्या मुलांचे आईबाप. शाळेतली बाई काढेवालीच्या मागून चाललेली.

"उद्या येते."

"बरं. उद्या."

ती गेल्यावर लारासनं रोजच्याप्रमाणे ताट परसात नेलं आणि केळीखाली पालथं केलं. कोंबड्या धावत आल्या.

साडेनऊला गल्लीतली माणसं आली. सुतिनाह वळणावर टोपलीसकट खाली बसली होती. बसली ती उठलीच नाही. एकही बाटली फुटली नव्हती, असं चारजणांनी चारदा सांगितलं. दुपारच्या नमाजानंतर तिला माती दिली.

लारासचा नवरा खाणीवरच्या कामावरून तिसऱ्या दिवशी पोचला. माणसं आली, गेली. लारास रडली नाही. पाहुण्यांना पाणी दिलं, चटया मोजून परत पाठवल्या. आणि चौथ्या दिवसापासून तिला दूध पुरेना. रंती ओढायची, सोडायची, तोंड लाल करून किंचाळायची. दुःखानं आटतं दूध, बायका म्हणाल्या. पण आधीही ते वाहत नव्हतं, हे लारासला माहीत होतं. आता तर सकाळचा पेलाही नव्हता.

सातव्या दिवशी प्रार्थनेच्या जेवणासाठी शेजारची दारमी मावशी सकाळीच आली. ती परसात गेली आणि तिथूनच ओरडली.

"अगं ए! ही अंडी अशीच पडलीत होय? तेरा आहेत!"

लारास बाळाला घेऊन दारात आली. "लक्षच नाही गेलं, मावशी."

"तुझं कसं जाईल? तुझी आई गोळा करायची ना रोज." दारमी ओच्यात अंडी घेत होती. "दोन बलक तुझ्या काढ्यात जायचे."

"माझ्या काढ्यात?"

"मग कुणाच्या, माझ्या? गरम काढ्यात फेटायची, वास येऊ नये म्हणून वर आलं किसायची. मला म्हणाली, पोरगी ताट कोंबड्यांना घालते, कोंबड्या मला अंडी देतात, मी पोरीला देते. लांबचा रस्ता आहे दारमी, पण पोचतंय." दारमी हसली, आणि हसता हसता लारासच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "तुला बोलली नव्हती?"

"नाही."

"मी म्हटलं होतं, सरळ दोन रागाचे शब्द ऐकव की तिला. तर म्हणाली, ती एवढी शिकलेली, मी काय सांगणार. शिवाय आत्ता ती स्वतःच्याच अंगावर रागावलीय, त्यात माझा राग कशाला."

लारासनं रंतीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"पट्टा बांधलास का आज?" दारमीनं विचारलं. "ये, मी धरते टोक."

"नको, मावशी. आज नको."

"बरं." दारमी चुलीकडे गेली. पातेल्यात कातुकचा रस्सा उकळत होता. तिनं एक अंडं त्यात फोडलं, ढवळलं, आणि काही न विचारता ताट वाढून पायरीवर ठेवलं. बाहेर लारासचा नवरा चटया अंथरत होता. ती त्याला हात द्यायला गेली.

लारास पायरीवर बसली. रंतीला पदराखाली घेतलं. ताट दिसताच कोंबड्या केळीखालून धावत आल्या आणि सवयीनं अर्धगोल करून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. एकीनं मान वाकडी करून पाहिलं. तिला वाट पाहायची सवय नव्हती.

लारासनं ताट गुडघ्यांवर ओढून घेतलं. पहिला घास तिनं गिळला. मग दुसरा. खांबाच्या खिळ्यावर पट्टा लटकत होता, आणि त्याचं एक टोक जमिनीपर्यंत आलं होतं.

आई रोज विचारायची तिथे, चुलीपाशी, कुणी नव्हतं. लारास तिकडे बघून मोठ्यानं म्हणाली,

"हो, आई. लागलीय भूक. रोज लागायची."