माझ्या तळाखालचे नाव

मित्रांनो, मी काचेचे एक जुने भांडे आहे. लांबट, चौकोनी आणि दोन बाजूंना दोन कान असलेले. भट्टीच्या धगीत ठेवले तरी मी तडकत नाही, एवढा एकच गुण माझ्या अंगी आहे. माझे नाव मात्र मला विचारू नका. ते लिहिलेले आहे, पण नेमके माझ्या तळाखाली. तुम्हाला तुमची पाठ दिसते का? तसेच माझे. जे मला उचलतात ते नाव वाचतात, पण मला वाचून दाखवावे असे कुणालाच सुचत नाही. त्यामुळे माझे निम्मे आयुष्य गोंधळात गेले.

माझा जन्म कारखान्यात वितळलेल्या काचेतून झाला म्हणतात. मला ते आठवत नाही. मला आठवते ते अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात, लुकआउट डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सेंट एल्मो वस्तीतले एक स्वयंपाकघर. ते मिस व्हर्लीन यांचे. तिकडे वडीलधाऱ्या बाईंना नावाआधी 'मिस' लावूनच हाक मारतात, मग त्यांना नातवंडे का असेनात. मिस व्हर्लीन यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. त्यांनी मला दुकानातून आणले, धुतले, पालथे घातले आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर काहीतरी लिहून ती माझ्या तळाला चिकटवली. मला गुदगुल्या झाल्या. पुढे एकदा नळावर आपटून माझ्या एका कानाचा टवका उडाला, तरी बाईंनी मला टाकले नाही.

माझे काम मोठे मानाचे होते. आसपासच्या गल्ल्यांत सामानाचा ट्रक येऊन उभा राहिला, की मिस व्हर्लीन ओव्हन पेटवत. कोंबडी, भात आणि भरपूर चीज माझ्यात भरून भाजत आणि मला टॉवेलात गुंडाळून नव्या माणसाच्या दारी नेऊन देत. मग ते माणूस मला परत करायला येई. तेही रिकामे नाही! कुणी मक्याचा पाव घालून आणी, कुणी परसातले टोमॅटो. मग मिस व्हर्लीन त्याला पडवीत बसवत, गार गोड चहा देत आणि इथे कसे राहायचे ते समजावून सांगत. कचऱ्याची गाडी कधी येते. कोणता कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणता खरोखर चावतो. समोरून गाडी आली, की ओळख असो वा नसो, स्टिअरिंगवरून बोट उचलून राम राम कसा करायचा. मोठ्या पावसात कोणत्या कोपऱ्यावर पाणी तुंबते. पडवीतून ते माणूस उठे, तेव्हा ते नवे राहिलेले नसे.

म्हणजे मित्रांनो, मी जेवणाचे भांडे कमी आणि बोलावणे जास्त होते.

या सगळ्यात एक नियम होता. दिलेले भांडे मागायचे नाही. कधीच नाही. समोरच्याने आपणहून आणले तर हसून घ्यायचे. नाही आणले, तर हसून गप्प बसायचे. हा नियम कुणी कुणाला सांगत नाही. सगळ्यांना तो ठाऊक असतो. नव्या माणसाला कसा ठाऊक असणार, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.

एका वसंतात मारित नावाची मुलगी शेजारच्या गल्लीत राहायला आली. दूर उत्तरेकडची, मिनेसोटाची. नदीकाठच्या मत्स्यालयात माशांना खाऊ घालण्याची नोकरी तिला लागली होती. ओळखीचे कुणी नाही, घरात खुर्ची एकच. मिस व्हर्लीन मला घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

"गरम आहे हं बाळ, जपून. आणि ये की घरी कधीही. मी इथेच राहते, जवळच."

"कुठे?" मारितने विचारले.

"सोपं आहे. जिथं औषधाचं दुकान होतं ना, तिथून वळायचं. मग पडलेल्या ओक झाडापासून पुढं. पडवीचं छत निळं आहे बघ."

मारितने मान डोलावली. औषधाचे दुकान पाडून जमाना झाला होता आणि ओकचे लाकूड केव्हाच कुणाच्या तरी शेगडीत जळून गेले होते. बिचारीला त्यातले एक निळे छतच काय ते समजले.

तिने मला चाटूनपुसून रिकामे केले. मग धुवायला घेतले, आणि माझ्या फुटक्या कानाने तिचे बोट कापले. मला फार वाईट वाटले. तरीही ती घासतच राहिली. तळाची पट्टी तिला दुकानातली किमतीची चिठ्ठी वाटली असावी. तिने ती नखाने खरवडून, गरम पाण्याने धुऊन काढून टाकली. एवढे स्वच्छ मी जन्मात कधी झाले नव्हते. आणि एवढे अनोळखीही.

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन निघाली. निळ्या छताची पहिली पडवी दिसली आणि ती तिथेच थांबली. मित्रांनो, सेंट एल्मोतल्या जवळजवळ प्रत्येक पडवीचे छत निळे आहे! गांधीलमाश्यांना ते आकाश वाटते आणि त्या पोळे करत नाहीत, असे कुणी म्हणतात. भुते फिरकत नाहीत, असे जुने लोक सांगतात. उत्तरेकडच्या मुलीला यातले काय ठाऊक? मी ओरडून सांगणार होते, पण काचेला तोंड नसते. दार वाजवून कुणी येईना, तेव्हा तिने मला झोपाळ्यावर ठेवले. रिकामे. आणि ती निघून गेली.

ते घर मिस्टर ओडेल प्रेदर यांचे होते. नुकतीच त्यांची बायको वारली होती. घरात कुणी गेले की शेजारी-पाजारी जेवण आणून देतात. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर, टेबलावर आणि खिडकीतसुद्धा परक्यांची भांडी मांडलेली होती. त्यांना वाटले, मीही त्यांतलेच एक. त्यांनी मला पालथे घालून पाहिले.

"याला नावच नाही," ते रिकाम्या खोलीत म्हणाले. "मर्ल, हे कुणाचं गं?"

मर्ल म्हणजे त्यांची गेलेली बायको. उत्तर कोण देणार? त्यांनी मला खिडकीत, पडद्यामागे ठेवले.

त्या खिडकीत बसून मी जे ऐकले, त्याने माझा गोंधळ आणखी वाढला. मिस व्हर्लीन रोज सकाळी फिरायला निघाल्या, की मिस्टर ओडेल यांच्या कुंपणाशी थांबत. एकदा मारितही तिथून चालली होती.

"बरं चाललंय ना बाळ?" मिस व्हर्लीन गोड हसून म्हणाल्या.

"हो, मॅडम. जेवण फार छान होतं. आभारी आहे."

"ये हं कधीतरी."

"येईन ना."

दोघी हसल्या. मारित वळणावर दिसेनाशी झाली आणि मिस व्हर्लीन यांचे हसू विझले.

"पोरगी भांडं घेऊन बसलीय, ओडेल. वसंत संपत आला."

"मागून घे की."

"मागू? माझी आई कबरीतून उठून येईल! नको असेल तिला आपली सोबत. तिची मर्जी."

"माझ्याकडे ढीगभर पडलीत. त्यातलं एक घेऊन जा हवं तर," मिस्टर ओडेल म्हणाले.

"दुसऱ्याचं भांडं नेऊन काय करू मी?"

मी तिथेच होते, मित्रांनो! कुंपणापासून चार पावलांवर, एका फुलाफुलांच्या पडद्याआड. मारितला वाटत होते की मी पोहोचले. मिस व्हर्लीन यांना वाटत होते की मी पळवले गेले. दोघी एकमेकींशी लोण्यासारख्या मऊ बोलत होत्या आणि दिवसेंदिवस एकमेकींना परक्या होत होत्या. आणि कारण कोण? मी! माझी काय चूक होती, हे मात्र मला कळत नव्हते.

पुढे मिस्टर ओडेल यांनी सगळी भांडी आपल्या चर्चच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. ज्याचे त्याने ओळखून न्यावे. मिस व्हर्लीन जात त्या दुसऱ्याच चर्चला. त्यामुळे मला ओळखणारे तिथे कुणी नव्हते, आणि ज्याला गरज पडे तो मला नेऊ लागला.

मग मी अख्खे शहर पाहिले. हायलंड पार्क वस्तीत पेट्रोना नावाच्या बाईंनी माझ्यात मसालेदार कोंबडी भाजली. त्या ग्वाटेमालाहून आलेल्या. त्या रात्रंदिवस हेच म्हणत, "हे कुणाचं तरी आहे, परत द्यायला हवं." पण कुणाला द्यायचे? त्या नदीपलीकडे रेड बँकमध्ये एका बाळंतिणीला जेवण पोचवून आल्या आणि मी तिकडेच राहिले. तिथे मी कुठून आले असे विचारले, की लोक "नदीपलीकडून" म्हणत. पुढे बोगद्यापलीकडच्या ब्रेनर्डमध्ये गेले, तर तिथले लोक "बोगद्यापलीकडून" म्हणत. म्हणजे मी जिथे जाई, तिथे पलीकडचेच ठरे. अलीकडचे असे माझे कुठे काही उरलेच नाही.

ब्रेनर्डमध्ये मला वाईट दिवस आले. टमेका नावाच्या तरुणीच्या मागच्या अंगणात मी तिच्या बिस्किट या कुत्र्याचे पाणी प्यायचे भांडे झाले. बिस्किट स्वभावाने चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझ्यात शेवाळ साचले, पाने पडली. ज्या भांड्याने माणसे जोडायची, त्यात डास अंडी घालू लागले. उन्हाळा गेला, पानगळ आली. मला वाटले, आता इथेच शेवट.

एका सकाळी टमेकाने मला उचलले, उकळत्या पाण्याने घासले आणि माझ्यात मॅकरोनी-चीज भाजले. ती मत्स्यालयात कामाला होती आणि त्या दिवशी तिथे कुणाच्या तरी निरोपाचे जेवण होते. मला टेबलावर ठेवले. वाढून घ्यायला एक हात पुढे आला. त्याच्या बोटावर जुन्या जखमेची बारीक रेघ होती. तो हात माझ्या फुटक्या कानापाशी थबकला.

मित्रांनो, निरोप मारितचाच होता.

"हे भांडं तुझ्याकडे कुठून आलं?" तिने विचारले.

"बहिणीनं दिलं. तिला कुणी दिलं कोण जाणे. का गं?"

"याच कानानं माझं बोट कापलं होतं. मी हे परत केलंय! निळ्या छताच्या पडवीत ठेवलं होतं."

टमेका हातातला चमचा खाली ठेवून हसत सुटली. "निळ्या छताच्या? सेंट एल्मोमध्ये? अगं, आकाशाखाली ठेवलं म्हणालीस तरी चाललं असतं!" मग तिने हळूच विचारले, "कशानं भरून ठेवलं होतंस?"

"भरून? धुऊन ठेवलं होतं. अगदी लख्ख."

टमेकाने कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणजे... इथे भांडं रिकामं परत देत नाहीत, आणि हे तर पोचलंच नाही; त्यांना वाटलं असणार, तुला त्यांच्याशी संबंधच नकोय."

"मला?" मारितचे डोळे भरून आले. "मी तर वाट बघत होते कुणीतरी बोलवेल म्हणून. इथे सगळे 'ये हं' म्हणतात, पण कधी ते कुणी सांगत नाही. म्हणून तर घरी परत चाललेय मी. आणि त्यांनी भांडं मागितलं का नाही?"

"मागायचं नसतं."

"का?"

टमेकाने चमचा पुन्हा उचलला. "ते नाही बाई मला माहीत," ती म्हणाली.

रविवारी मारितने माझ्यात तिच्या गावच्या तळ्यांत उगवणारा काळा तांदूळ शिजवला, वर अळंब्या आणि साय घातली आणि मला टॉवेलात गुंडाळले. जिथे मला ठेवले होते, त्याच निळ्या पडवीत ती गेली. दार मिस्टर ओडेल यांनी उघडले.

"मिस व्हर्लीन इथे राहतात ना?"

"व्हर्लीन? छे! जिथं औषधाचं दुकान होतं ना, तिथून वळ, आणि पडलेल्या ओकपासून..."

"पण तिथे दुकान नाही!"

"नाहीच. पण होतं ना."

"आणि ओक?"

"तोही होता." मग त्यांचे लक्ष टॉवेलाबाहेर डोकावणाऱ्या माझ्या फुटक्या कानाकडे गेले. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "चल पोरी, मी येतो. ही वाट मीच चुकवली असं दिसतंय." बायको गेल्यापासून ते कुणाच्या घरी गेले नव्हते.

मिस व्हर्लीन डोलखुर्चीत बसल्या होत्या. मारितने मला त्यांच्या मांडीवर ठेवले. सांगायचे बरेच होते, पण तिच्या तोंडून फुटले एवढेच, "मी चुकीच्या निळ्यात ठेवलं होतं."

मिस व्हर्लीन यांनी माझ्या कानाला हात लावला. टॉवेल सोडला. वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली. तो त्यांनी बराच वेळ पुसला.

"आणि मी मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "बसा दोघं. चहा आणते."

मग त्यांनी सुरुवात केली. कचऱ्याची गाडी कधी येते, कोणता कुत्रा चावतो, पाणी कुठे तुंबते. मारितला हे सगळे एव्हाना ठाऊक झाले होते. पावसात तिची गाडी त्याच कोपऱ्यावर बंद पडली होती आणि तो कुत्रा तिला चावलाही होता. तरी ती मान डोलावत, जणू पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकत राहिली. मिस्टर ओडेल यांनी दोनदा वाढून घेतले. मारित मिनेसोटाला गेली नाही.

मित्रांनो, मी म्हातारे भांडे, तुम्हाला काय शिकवणार? एवढेच सांगते. कुणाचे भांडे तुमच्या घरी आले, तर ते सांभाळा आणि परत द्या, त्यात चिमूटभर का होईना, काहीतरी घालून. वाट कळली नाही, तर कळल्यासारखी मान डोलावू नका. आणि आपले काही कुणाकडे राहिले असेल, तर मनात न ठेवता विचारा. मागितल्याने माणूस लहान होत नाही. निदान मला तरी तसे वाटते, पण सेंट एल्मोत हे अजून कुणाला पटलेले नाही.

त्या संध्याकाळी मिस व्हर्लीन यांनी मला धुतले, पालथे घातले आणि नवी पांढरी पट्टी लावली. पेन पूर्वीपेक्षा जास्त वेळ फिरत राहिले. मध्ये एकदा थांबले आणि मारितच्या हातात गेले, कारण पुढची अक्षरे वेगळ्या हाताची वाटली. म्हणजे आता माझ्या तळाखाली एक नाव आहे की दोन? कुणाला उचलून पाहता आले, तर मला वाचून दाखवाल का?